हा कायदा नक्की कोणाचा? बाबांचा एक प्रश्न

मागच्या वर्षी आई-बाबा आमच्याकडे नेदरलँड्समध्ये, म्हणजे हॉलंडला, युट्रेक्ट गावी येऊन राहिले, व्हिसाचे नव्वद दिवस संपायला चार दिवस बाकी असताना त्यांचं ॲमस्टरडॅमहून मुंबईचं थेट विमान होतं आणि ते सुटायलाच सहा तास उशीर. आई बाकड्यावर शाल घेऊन आडवी झाली, बाबा दर अर्ध्या तासाने उठून बोर्ड बघून यायचे, काउंटरवरून सँडविच-कॉफीची दोन कूपनं मिळाली आणि "टेक्निकल प्रॉब्लेम आहे" एवढंच उत्तर. ते दोघं सुखरूप घरी पोचल्यावर मी एअरलाईनला मेल टाकली, की युरोपियन कायद्याप्रमाणे उशिराची माणशी ६०० युरो भरपाई द्या. पहिलं उत्तर नकारच आलं, म्हणे तांत्रिक बिघाड आमच्या हाताबाहेरची गोष्ट. मी परत लिहिलं, त्यात युरोपियन कोर्टाच्या २००८ सालच्या निकालाचा दाखला दिला की विमान चालवताना होणारा नेहमीचा तांत्रिक बिघाड हा काही 'असाधारण परिस्थिती' धरता येत नाही (तशी असेल तरच कंपनीची भरपाई टळते). दीड महिन्याने १२०० युरो खात्यात जमा.

बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांना पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत जास्त इंटरेस्ट. बाबा तालुका कोर्टात नोकरीला होते, नाझर (हुकूम बजावणाऱ्या बेलिफांचे प्रमुख) म्हणून रिटायर झाले, त्यामुळे कायदा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला.

"अगं, हे कलम कुठल्या ॲक्टचं?"

"रेग्युलेशन २६१, सन २००४."

"हॉलंडच्या पार्लमेंटचं?"

"नाही बाबा, हॉलंडच्या पार्लमेंटने ते पास केलेलंच नाहीये."

"मग हॉलंडच्या कोर्टात ते चालेल कसं?"

मी पुण्यात लॉ केलं, चार वर्षं प्रॅक्टिस केली, नंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले आणि इथे युरोपियन कायद्याचा मास्टर्स केला, पण इतका नेमका प्रश्न मला वर्गात कोणी विचारला नव्हता. त्या दिवशी तासभर आम्ही बोलत होतो आणि नंतरही कित्येक रविवार तेच चालू राहिलं. आज ते सगळं इथे लिहून काढतेय, कारण सुप्रानॅशनल लॉ, मराठीत राष्ट्रोपरी कायदा म्हणू या, म्हणजे देशांच्या वर चालणारा कायदा, हा विषय मला मनापासून आवडतो आणि त्यावर मराठीत फारसं सोप्या भाषेत वाचायला मिळत नाही.

आधी आपल्याकडचं बघा म्हणजे फरक कळेल. भारताने एखाद्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्ही-मी तो करार हातात घेऊन कोर्टात जाऊ शकत नाही. घटनेचं कलम २५३ संसदेला अधिकार देतं की असा करार अमलात आणण्यासाठी कायदा कर, आणि तो कायदा झाला की कोर्टात चालतो तो आपला कायदा. जागतिक व्यापार संघटनेच्या (डब्ल्यूटीओ) बौद्धिक संपदेवरच्या ट्रिप्स करारामुळे आपण २००५ साली औषधांवर प्रॉडक्ट पेटंट द्यायला लागलो हे खरं, पण वकील उभा राहून वाचतो तो १९७० चा पेटंट ॲक्ट, करार नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलच्या विशाखा केसमध्ये १९९७ साली सुप्रीम कोर्टाने महिलांच्या हक्कांच्या सीडॉ कराराचा आधार घेतला, पण तो आपल्या कायद्यात जी पोकळी होती ती भरून काढायला, संसदेने केलेला कायदा पाडायला नाही. म्हणजे करार हा देशादेशांमधला व्यवहार, आणि नागरिकाला त्यातलं काही मिळायचं असेल तर ते त्याच्या देशाने दाराच्या आत आणून द्यावं लागतं. बाबांच्या डोक्यात हेच चित्र होतं आणि जगातल्या बहुतेक करारांबाबत ते बरोबरच आहे.

युरोपातही १९५७ साली रोमचा करार झाला, ज्यातून पुढे आजची युरोपियन युनियन उभी राहिली, तेव्हा सह्या करणाऱ्या सहाही देशांना (फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग) साधारण असंच वाटत असणार. त्या करारात कुठेही लिहिलेलं नव्हतं की या करारापुढे तुमच्या संसदेचा कायदा गौण. मग हे आलं कुठून? तर आमच्याच गावच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या कस्टम्सच्या भांडणातून.

व्हान गेंड अँड लोस ही युट्रेक्टची मालवाहतूक कंपनी. आता ते नाव राहिलं नाही, डीएचएलमध्ये जिरून गेलं. या कंपनीने सप्टेंबर १९६० मध्ये पश्चिम जर्मनीतून युरिया-फॉर्मल्डिहाइड मागवलं, ते गोंद वगैरे बनवायला लागणारं केमिकल. रोमचा करार लागू झाला तेव्हा त्यावर ३ टक्के ड्युटी होती, मधल्या काळात डच सरकारने मालाचं वर्गीकरण बदललं आणि ती ८ टक्के झाली. करारातलं कलम १२ सरळ म्हणत होतं की सदस्य देशांनी आपसात ड्युटी वाढवायची नाही. कंपनी इथल्या टॅरिफ कमिशनकडे, म्हणजे कस्टम्सचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे गेली, आणि कमिशनने लक्झेंबर्गमधल्या युरोपियन कोर्टाला एक प्रश्न पाठवला, की हे कलम १२ एखादी खाजगी कंपनी स्वतःच्या हक्कासाठी आमच्यापुढे वापरू शकते का.

आता हे नीट बघा. नेदरलँड्सने सांगितलं, नाही. बेल्जियमने सांगितलं, नाही. पश्चिम जर्मनीनेही विरोध केला. सहापैकी तीन देश एका बाजूला, कोर्टाचा स्वतःचा ॲडव्होकेट जनरल (इथे हा सरकारचा वकील नसतो, निकालाआधी कोर्टाला स्वतंत्र मत देतो) कार्ल रोमर, तोही म्हणाला की हे कलम नागरिकांना थेट लागू होत नाही. आणि तरी ५ फेब्रुवारी १९६३ ला कोर्टाने सांगितलं की हो, लागू होतं. या करारातून एक नवीन कायदेव्यवस्था तयार झालीये, देशांनी ठराविक क्षेत्रांत आपले सार्वभौम अधिकार स्वतःहून मर्यादित केलेत, आणि या व्यवस्थेत फक्त देश नाहीत तर त्यांचे नागरिकही आहेत. कलम स्पष्ट असेल, त्याला अटी-शर्ती नसतील, तर नागरिकाने ते आपल्या देशाच्या कोर्टात दाखवावं आणि त्या कोर्टाने त्याचं रक्षण करावं. याला डायरेक्ट इफेक्ट म्हणतात, म्हणजे थेट लागू होणं. बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आलं.

उरलेलं अर्धं उत्तर मिलानमधल्या एका लाईट बिलात आहे.

इटलीने डिसेंबर १९६२ मध्ये कायदा करून वीज कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं आणि एनेल नावाची सरकारी कंपनी काढली. फ्लामिनियो कोस्टा हा मिलानचा वकील, तो एका खाजगी वीज कंपनीचा शेअरहोल्डर होता आणि ती कंपनी सरकारने घेतली. त्याला नवीन कंपनीचं बिल आलं, रक्कम १९२५ लिरे, म्हणजे तेव्हाही किरकोळच. तो म्हणाला मी हे बिल भरणार नाही, कारण हा राष्ट्रीयीकरणाचा कायदाच रोमच्या कराराच्या विरुद्ध आहे. केस गेली मिलानमध्ये छोटे दावे चालवणाऱ्या न्यायाधीशाकडे. इटलीच्या घटनात्मक कोर्टाने मार्च १९६४ मध्ये सांगून टाकलं होतं की करार इटलीत लागू झाला तो एका साध्या कायद्याने, मग नंतरचा कायदा आधीच्या कायद्यावर मात करतो, विषय संपला. वकिलांना हे लॉजिक ओळखीचं वाटेल, आपणही असंच शिकतो. पण लक्झेंबर्गच्या कोर्टाने १५ जुलै १९६४ ला नेमकं उलट सांगितलं. जर प्रत्येक देश नंतर एक कायदा करून कराराला बगल देऊ शकत असेल तर त्या कराराला अर्थच काय राहिला, मग प्रत्येक देशात वेगळा कायदा चालणार, आणि आज दिलेला शब्द उद्याच्या बहुमताने पुसला जाणार. म्हणून या कायद्यापुढे देशाचा कोणताही कायदा, आधीचा असो की नंतरचा, बाजूला सरकतो.

हा वरचढपणाचा नियम करारात आजसुद्धा लिहिलेला नाहीये बरं का. २००४ च्या युरोपियन घटनेच्या मसुद्यात तो कलम म्हणून घातला होता, पण २००५ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी तो मसुदाच नाकारला, आणि नंतर त्याऐवजी झालेल्या लिस्बन कराराला जोडलेल्या एका घोषणेत त्याचा उल्लेख झाला. म्हणजे इतक्या देशांचे कायदे ज्यावर तोलून धरलेत तो नियम मुळात एका बिलाच्या केसमधून आलाय.

बाबांनी इथे मला थांबवलं. "पण अंमल कोण करतं? तुमच्या त्या लक्झेंबर्गला बेलिफ आहे का?"

नाही. पोलीस नाही, बेलिफ नाही, काही नाही. लक्झेंबर्गच्या किर्शबर्ग टेकडीवरचं ते कोर्ट, २७ देशांचे २७ न्यायाधीश, आणि त्यांचा सगळा जोर आहे तो गावोगावच्या साध्या कोर्टांवर. कोणत्याही देशातला कोणताही न्यायाधीश, अगदी खालच्या कोर्टातला, चालू केस थांबवून लक्झेंबर्गला प्रश्न पाठवू शकतो की या युरोपियन कायद्याचा अर्थ काय (आणि ज्या कोर्टाच्या वर अपील नाही त्याला तर शंका असेल तर पाठवावाच लागतो). उत्तर येतं, मग केसचा निकाल तोच न्यायाधीश देतो. बाबांनी लगेच ओळखलं, "म्हणजे आपला सीपीसीचा रेफरन्स." बरोबर! दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११३ खाली आपलं खालचं कोर्टही हायकोर्टाला असा रेफरन्स करतं, एखादा कायदा घटनेत बसत नाही असं वाटलं तर. पण आपल्याकडे तो कायदा पाडायचा अधिकार हायकोर्टाचा, ज्युनियर डिव्हिजनच्या जजने स्वतःच्या टेबलावर संसदेचा कायदा बाजूला ठेवायचा हे आपल्याकडे होत नाही.

इथे होतं. आणि मला वाटतं देशांच्या व्यवस्थांवर झालेला सगळ्यात खोल परिणाम हाच आहे. १९७८ च्या सिमेंथाल केसमध्ये फ्रान्समधून इटलीत बीफ आणणाऱ्या एका कंपनीकडून सीमेवर तपासणीची फी घेतली होती, ती युरोपियन कायद्यात बसत नव्हती. सुझा या अगदी छोट्या गावातल्या न्यायाधीशाला प्रश्न पडला की इटलीचा कायदा रद्द व्हायची वाट बघत मी बसायचं का. लक्झेंबर्गने सांगितलं, अजिबात नाही, तू स्वतः, तुझ्या कोर्टात, आत्ताच तो कायदा लागू करणं थांबव, तुमच्या घटनात्मक कोर्टाची वाट बघू नकोस. रोममधल्या संसदेने केलेला कायदा सुझाच्या न्यायाधीशाने बाजूला ठेवायचा! मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या तालुका कोर्टाची इमारत आली होती, ती लाकडी बाकं, ती तारखांची पाटी.

आता युरोपियन युनियनचे जे कायदे ब्रसेल्समध्ये होतात त्यांचे मुख्य प्रकार दोन. रेग्युलेशन म्हणजे सगळ्या देशांत जसंच्या तसं लागू, मधे संसद नाही. विमानाचं २६१ त्यातलं, डेटा प्रायव्हसीचं जीडीपीआर त्यातलं. डिरेक्टिव्हचं तसं नाही, त्यात ध्येय आणि मुदत ठरवून देतात, कायदा ज्याचा त्याने आपापल्या पद्धतीने करायचा. आणि इथेच देश चालढकल करतात, मुदत निघून जाते, कायदा होतच नाही. मग सामान्य माणसाने काय करायचं?

आंद्रेआ फ्रांकोविचची केस मी बाबांना सांगितली ती याच्यासाठी. इटलीतल्या विचेंझाच्या एका कंपनीत तो कामाला, पगार थकलेला. कोर्टात गेला, साधारण साठ लाख लिऱ्यांचा हुकूम मिळवला. आणि लक्झेंबर्गच्या निकालपत्रातच लिहिलंय की हुकूम बजावायला गेलेल्या बेलिफला काही मिळालं नाही, तसा रिपोर्ट त्याने दिला. हे ऐकून बाबा एकदम गप्प झाले. हुकूम बजावणीच्या किती दरखास्ती त्यांनी अशा बघितल्यात, हुकूम हातात, शिक्का त्याच्यावर, आणि बेलिफचा रिपोर्ट की जप्त करण्याजोगी मालमत्ता आढळली नाही. ते म्हणाले, "माणूस पाच-सहा वर्षं घासतो त्या कागदासाठी, आणि मग तो रिपोर्ट मीच त्याला वाचून दाखवायचो."

आता १९८० चा एक डिरेक्टिव्ह होता, की मालक बुडाला तर कामगाराच्या थकलेल्या पगाराची हमी देणारी व्यवस्था प्रत्येक देशाने उभी करावी, मुदत ऑक्टोबर १९८३. इटलीने ती केलीच नव्हती. फ्रांकोविच म्हणाला, मग माझं नुकसान इटली सरकारने द्यावं. १९ नोव्हेंबर १९९१ ला लक्झेंबर्गने तत्त्व मान्य केलं, की देशाने युरोपियन कायदा पाळला नाही आणि त्यामुळे नागरिकाचं नुकसान झालं तर देश भरपाईला जबाबदार. सरकारच्या निष्काळजीपणाचा हिशोब सरकारकडूनच मागायचा, आणि तोही त्या सरकारच्याच कोर्टात. आज युरोपभर ही केस शिकवतात.

"मग त्याला मिळाले का पैसे?" बाबांनी विचारलं.

नाही मिळाले. १९९५ मध्ये त्याच्याच दुसऱ्या केसमध्ये ठरलं की त्याचा मालक ज्या प्रकारात मोडतो त्या प्रकारच्या मालकांना तो डिरेक्टिव्ह लागूच नव्हता. ज्याच्या नावाने इतरांना हक्क मिळाला त्याच्या हातात काही आलं नाही. मला अजूनही हे वाचताना वाईट वाटतं, आणि मला वाटतं कायदा शिकवताना हा शेवट सांगायलाच हवा, तो बहुतेक वेळा राहून जातो.

देशांनी हे सगळं मुकाट्याने मान्य केलं असं समजू नका. जर्मनीच्या घटनात्मक कोर्टाने १९७४ मध्ये सांगितलं की जोपर्यंत युरोपच्या व्यवस्थेत मूलभूत हक्कांची आमच्या घटनेइतकी हमी नाही, तोपर्यंत आम्ही तपासून बघणार. जर्मनमध्ये 'जोपर्यंत' म्हणजे झोलांगे, त्या निकालाचं नावच ते पडलं. मग लक्झेंबर्ग आपल्या निकालांमध्ये मूलभूत हक्क जास्त जास्त आणत गेलं, आणि १९८६ मध्ये त्याच जर्मन कोर्टाने म्हटलं की ठीक, जोपर्यंत तुम्ही ही हमी देताय तोपर्यंत आम्ही तपासणार नाही. माझ्या मते हे भांडण फार चांगलं भांडण होतं, दोन्ही बाजू त्यातून सुधारल्या. २०२० चं मात्र मला पटलं नाही. युरोपियन सेंट्रल बँकेच्या बाँड खरेदीवर जर्मन कोर्टाने आधी लक्झेंबर्गला प्रश्न विचारला, उत्तर आलं, आणि मग ५ मे २०२० ला तेच उत्तर मानायला नकार दिला. जर्मनीसारख्या देशाने हे केलं की दुसऱ्यांना वाट दिसते. ७ ऑक्टोबर २०२१ ला पोलंडच्या घटनात्मक न्यायाधिकरणाने म्हटलं की युरोपियन कराराच्या काही तरतुदीच पोलंडच्या घटनेशी विसंगत आहेत. तिथे प्रश्न मूलभूत हक्कांचा नव्हता, तिथे न्यायाधीशांनाच शिस्तीच्या कारवाईची भीती घालण्याची व्यवस्था सरकारने उभी केली होती. त्याच महिन्यात लक्झेंबर्गने पोलंडला दिवसाला १० लाख युरो दंड लावला आणि ती रक्कम पोलंडला मिळणाऱ्या युरोपियन निधीतून वळती झाली. पण माझ्यासाठी मुद्दा पैशाचा नाही. या व्यवस्थेचा सगळा भार सुझाच्या त्या न्यायाधीशावर आहे, तो घाबरला तर लक्झेंबर्गला प्रश्न जाणारच नाही आणि मग कागदावर कितीही वरचढपणा असला तरी काय उपयोग.

आणि व्यवस्थेतून बाहेर पडलं की काय होतं तेही आपल्या माणसांनी बघितलंय. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. पोर्तुगाल युरोपियन युनियनमध्ये, ब्रिटनही तेव्हा त्यात, म्हणून मडगावचा माणूस पोर्तुगीज पासपोर्ट काढून सरळ इंग्लंडात जाऊन नोकरी करू शकत होता, ब्रिटिश व्हिसा लागायचा नाही. इंग्लंडमधल्या स्विंडन गावात गोवेकरांची मोठी वस्ती झाली ती अशी. ब्रिटनची पद्धत आपल्यासारखीच, किंबहुना आपली त्यांच्यासारखी, करार वेगळा आणि कायदा वेगळा, म्हणून १९७२ साली त्यांनी एक कायदा करून युरोपियन कायद्याला दार उघडून दिलं होतं. त्या दारातून आलेल्या कायद्याने १९९० मध्ये स्पॅनिश मासेमारांच्या केसमध्ये खुद्द ब्रिटिश पार्लमेंटचा १९८८ चा कायदा थांबवला होता. ब्रेक्झिटमध्ये ते दार बंद झालं. माझी एक गोवेकर मैत्रीण स्विंडनला राहते, तिच्या घरातल्या सगळ्यांनी ३० जून २०२१ च्या मुदतीआधी सेटलमेंटचे, म्हणजे ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क टिकवायचे, अर्ज भरले, म्हाताऱ्या सासूबाईंचे राहण्याचे पुरावे गोळा करायला तिने तीन आठवडे घालवले, जुनी बँक स्टेटमेंट्स, दवाखान्याची पत्रं, कौन्सिल टॅक्सची बिलं. जो हक्क कराराने दिला होता, ज्याच्यासाठी कधी कोणाला अर्ज करावा लागला नव्हता, तो आता एका देशाच्या ऑफिसकडे अर्ज करून मागायचा होता.

बाबांना मी रेग्युलेशन २६१ ची प्रिंट काढून पाठवली, त्यांनी ती टॅग लावून फाईलला लावलीये. मागच्या महिन्यात त्यांच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमधले एक काका आले, मुलाकडे जर्मनीला जाताना मुंबईत विमान सात तास लेट झालं म्हणून. आई सांगत होती की बाबांनी चष्मा लावला, फाईल उघडली आणि विचारलं, "आधी सांगा, विमान सुटलं मुंबईहून ना? मग कंपनी युरोपची होती का इकडची?" कंपनी युरोपची नव्हती. बाबांनी त्यांना प्रिंटवरचं कलम ३ बोट ठेवून दाखवलं, की युरोपातून सुटणारं विमान कोणाचंही चालतं, पण युरोपात येणारं असेल तर कंपनी युरोपचीच लागते. मग फाईल बंद केली आणि आईला चहा टाकायला सांगितलं.